माझ्या आजाराला मिळालेलं बक्षीस

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. कपाटातले शर्ट रंगाप्रमाणे लावणं म्हणजे ओसीडी नव्हे. चादरीवर सुरकुती चालत नाही, तेही नव्हे. "मला पण थोडं ओसीडी आहे हं," असं हसत सांगणारी माणसं लग्नात भेटतात, गच्चीवरच्या कोजागिरीला भेटतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक असतं, तेही स्वतःचंच. त्यांना विचारावंसं वाटतं, की तुम्ही कधी पोटच्या मुलीचा वाढदिवस गॅसच्या बटणापाशी उभं राहून घालवलाय का? पण विचारत नाही. कोजागिरीचं दूध कशाला नासवायचं.

माझं नाव मिलिंद. डोंबिवलीत राहतो आणि एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. मध्ये बरेच महिने नव्हतो. मी आजारी होतो तोवर कंपनीने मला प्लँटवर ठेवलं, डोक्यावर घेतलं. मी औषध सुरू केलं तेव्हा प्लँटवरून काढलं. परत तिथे जाता येईल की नाही, या एका प्रश्नावर माझं घर कित्येक महिने टांगून होतं. त्याची ही हकीकत. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना उपयोग व्हावा आणि माझा राग थोडा उतरावा, म्हणून लिहितोय. दुसरं कारण जास्त खरं आहे.

सेफ्टीचा माणूस

आमच्या कामात एक मोठं बंद भांडं असतं, त्याला रिअॅक्टर म्हणतात. त्यात रसायनं घालायची, वाफेने तापवायची आणि ठरल्या वेळी वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा. तो उघडा राहिला तर स्फोट कसा होतो, ते डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे कुठे मोठा आवाज झाला की लहान मुलंसुद्धा आभाळाकडे बघत नाहीत, एमआयडीसीकडे बघतात.

म्हणून कंपनीचा एक नियम आहे. शिफ्ट बदलताना जाणारा आणि येणारा, दोघा ऑपरेटरांनी मिळून पाइपांची सगळी लाइन फिरायची, प्रत्येक व्हॉल्व्हला दोघांनी हात लावायचा आणि मगच जाणाऱ्याने घरी जायचं. नियम चांगला आहे. मी कामाला लागलो तेव्हा सगळे तो पाळायचे.

मग मला हे सुरू झालं. नक्की कधी, ते सांगता येत नाही. व्हॉल्व्ह बंद केला, चाक घट्ट बसलं, डोळ्यांना दिसलं, हाताला कळलं, पण आत जे 'झालं' असं वाटायला हवं ते वाटेना. तुम्ही दाराला कुलूप लावता, एकदा ओढून बघता आणि चालू लागता. त्या ओढण्याबरोबर मनातलं काहीतरी मिटतं. माझं ते मिटतच नव्हतं. परत जायचो, चाकाला हात लावायचो, क्षणभर बरं वाटायचं आणि पाठ फिरवली की पुन्हा तेच. आणि नुसती शंका नसायची, चित्र दिसायचं. सोबतची माणसं जळतायत, कँटीनमधल्या मावशी जळतायत, आणि हे सगळं तुझ्यामुळे. व्हॉल्व्ह बंद आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं. लोकांना हेच कळत नाही. माझी अक्कल शाबूत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

शिफ्ट संपून बाकीचे घरी जेवायला बसलेले असायचे, तेव्हा मी गेटपासून प्लँटपर्यंत येरझाऱ्या घालत असायचो. हे सोबतच्यांच्या लक्षात आलं नाही असं समजू नका. चांगलंच आलं. माझ्यानंतरच्या शिफ्टला भोईर असायचा. पूर्वी तो माझ्याबरोबर लाइन फिरायचा. आता तो येऊन चहाचा ग्लास घेऊन पंख्याखाली बसायला लागला.

"मिलिंद हाय ना, तो बघतोय," तो सांगायचा. "एकदा सोडून धा वेला बघतो. मी कशाला हात काले करू?"

आयत्या बिळावर नागोबा. भोईरचं बघून दुसरे बसले, त्यांचं बघून तिसरे. हळूहळू अख्ख्या प्लँटने तपासणं सोडलं आणि ते काम माझ्या आजाराकडे सोपवलं. नियम भिंतीवरच्या पाटीवर राहिला.

आणि मग सेफ्टी वीकमध्ये मला बक्षीस दिलं. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आमचे प्लँट मॅनेजर पाटणकर साहेब माइकवर म्हणाले, "सगळे मिलिंदसारखे झाले तर आपल्याला फायर ब्रिगेडची गरज नाही." टाळ्या पडल्या. माझी बायको मनीषा पुढच्या रांगेत बसली होती. मी घरी कसा असतो हे त्या हॉलमध्ये फक्त तिला माहीत होतं. तिने टाळ्या वाजवल्या, काय करणार बिचारी. मी स्टेजवर उभा राहून विचार करत होतो की समारंभाला यायच्या घाईत आपण वाफेचा व्हॉल्व्ह नीट बघितला का.

सईचा वाढदिवस

प्लँटवर फोन नेता येत नाही, पण घरी फोन होता. सकाळी निघताना मी गॅसच्या बटणाचा फोटो काढायचो. मग वाटेत शंका यायची, हा कालचा तर नाही ना? म्हणून व्हिडिओ काढायला लागलो, त्यात वार मोठ्याने बोलून. माझी मुलगी सई तेव्हा चौथीत होती. तिने एकदा गॅदरिंगचे फोटो बघायला माझा फोन घेतला. वर सरकव, खाली सरकव, सगळीकडे गॅसची बटणं.

"बाबा, यात मी कुठेच नाहीये," ती म्हणाली.

मनीषा पतपेढीत नोकरीला आहे. दिवसभर लोकांशी डोकं लावून घरी यायची आणि घरी मी. "बंद आहे ना?" "बंद आहे." "नक्की?" "नक्की रे." "बघून सांगतेस की असंच?" ती उठून बघून यायची, कारण न बघता सांगितलं तर मला तिच्या आवाजावरून कळायचं. तिला वाटायचं, उत्तर दिलं की याला शांत वाटतं. वाटायचंही, पण जेमतेम पुढच्या प्रश्नापर्यंत.

सईच्या वाढदिवसाला बिल्डिंगमधली मुलं जमली होती. केकवर मेणबत्त्या लावून झाल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात अडकलो होतो. सई नवा फ्रॉक घालून आत आली. "बाबा, बंद आहे. मी बघितलं. प्रॉमिस." मी हललो नाही. तेव्हा ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि स्वतःच बटण दाबून बघायला लागली. एकदा बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून परत दाबलं. मनीषा दारात उभी होती, तिने हे पाहिलं. बाहेर मेणबत्त्या विरघळून मेण केकवर ओघळलं होतं, ते चमच्याने काढून आम्ही केक वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाने सुट्टी टाकली. "मिलिंद, इतकी वर्षं तुला उत्तरं मी दिली," ती म्हणाली. "पोरीला नाही देऊ देणार. चप्पल घाल, डॉक्टरकडे जायचंय."

दातांचे पेशंट

आमच्या भागात कुणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. कारण सगळ्यांना माहीत आहे, तिथलं मनोरुग्णालय. मी स्वतः हे वाक्य हसत हसत वापरलेलं आहे. आणि आता मी खरंच ठाण्याला निघालो होतो, तेही स्वतःच्या पायांनी.

डोंबिवलीत मानसोपचारतज्ज्ञ नाहीत असं नाही, पाट्या आहेत की. पण जिना चढताना ओळखीच्या कुणी बघितलं तर? म्हणून डोंबिवलीकर ठाण्याला जातो. ठाणेकर बहुधा डोंबिवलीला येत असावा. दवाखान्यात शिरलो तर समोरच्याच खुर्चीवर आमच्या बिल्डिंगमधले लिमये काका बसलेले. वरच्या मजल्यावरचे, रिटायर्ड, वर्षभरापूर्वी काकू गेल्यापासून एकटे. पेपर तोंडापुढे धरायला त्यांना थोडा उशीर झाला.

"अरे मिलिंद, तू इथे कसा?"

"दाढ दुखत होती काका."

"हो का? माझंही दातांचंच. रूट कॅनल सांगितलंय."

डोक्यावर फूटभर अक्षरांत 'मानसोपचार' लिहिलेलं. त्या पाटीखाली बसून काका, मनीषा आणि मी, आम्ही तिघं थंड पाण्याने दात कसे ठणकतात यावर बोललो. मग आतल्या मुलीने काकांचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं आणि ते खाली मान घालून आत गेले. ताप आलेला माणूस असा जातो का? पाय मोडलेला जातो का? आमच्या लाजेवर मला त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा आजारावरही आला नव्हता.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे विचार तुम्हाला पटतात का?"

"अजिबात नाही."

"तरी थांबवता येत नाहीत."

"नाही."

"याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. बऱ्याच जणांना असतो आणि त्यावर उपचार आहेत. तुम्ही वेडे नाही आहात आणि बेजबाबदार तर मुळीच नाही आहात. पण आधी का नाही आलात?"

मला रडू आलं. नाव मिळालं याचंच. माझ्या डोक्यात जे चालतं त्याला नाव आहे, म्हणजे ते दुसऱ्याही कुणाला होतं. बाहेर आलो आणि दहा पावलांत रडू संपून संताप सुरू झाला. आधी का नाही आलो? कसा येणार? कुणाच्या टायफॉइडला शाल आणि नारळ मिळाल्याचं ऐकलंय? माझ्या आजाराला टाळ्या मिळाल्या होत्या.

न दिलेलं उत्तर

पहिली गोळी सुरू झाली. बाईंनी बजावलं होतं की फरक पडायला दोन-तीन महिने लागतील, धीर धरा. कल्याणजवळच्या मोहन्याहून आई आली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, ताटलीत माझ्या आवडीची कोथिंबीर वडी ठेवली आणि गोळी घेतल्याशिवाय वडीला हात लावू दिला नाही. तिच्याकडून मला दोन्ही चाललं.

गोळीबरोबर थेरपी होती. प्राजक्ता नावाच्या तरुण समुपदेशक होत्या, बोलायला गोड आणि वागायला कडक. गॅसचं बटण एकदा बंद करायचं आणि निघायचं, असा अभ्यास दिला. भीती वाटेल, वाटू द्यायची. चित्र दिसेल, दिसू द्यायचं. परत जायचं नाही. आणि मनीषाला सांगितलं, "हे विचारतील तेव्हा उत्तर द्यायचं नाही. तुमचं उत्तर म्हणजे यांच्या आजाराचं जेवण आहे."

बोलायला सोपं आहे. "बंद आहे ना?" मी विचारायचो. मनीषा भाजी निवडत राहायची. मी पुन्हा विचारायचो, मग ओरडायचो, मग गयावया करायचो. "एकदाच सांग, शेवटचं." निवडलेली भाजी ती पुन्हा निवडायची, पण तोंड उघडायची नाही. एकदा ती उठून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली, मला ऐकू येऊ नये म्हणून. मला आलं. तेव्हा मला तिचा इतका राग यायचा की तिच्यासारखी दुष्ट बाई जगात नाही असं वाटायचं. नातेवाईक सल्ला द्यायला तयार असतात, "घरच्यांनी प्रेमाने समजून घ्यावं." अहो, माझ्या बायकोने प्रेमानेच माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. त्याला किती ताकद लागते, हे फुकटचे सल्ले देणाऱ्यांनी एक दिवस करून बघावं.

डोक्यातलं केमिकल

पहिल्या गोळीने आणि अभ्यासाने बराच फरक पडला आणि मग गाडी अडली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता एक दुसरी छोटी गोळी जोडू. ही डोपामिनवर काम करते."

"म्हणजे माझं डोपामिन जास्त झालंय?"

"तसं सांगता येणार नाही."

"मग कमी?"

"तेही नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. डोपामिन हा त्यातला एक निरोप्या. तो ज्या जागेवर येऊन बसतो तिला रिसेप्टर म्हणतात. ही गोळी ती जागा काही प्रमाणात आधीच अडवते, त्यामुळे निरोपाचा जोर बदलतो. पहिली गोळी पुरत नाही तेव्हा काही जणांना हिचा उपयोग होतो. नेमका का होतो, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

माझा आवाज चढला. "सॅम्पल नाही, टेस्ट नाही आणि डोस टाकायचा? आमच्या प्लँटवर असं केलं तर हाकलून देतील."

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "तुमचे रिसेप्टर मोजायची टेस्ट माझ्याकडे नाही. मी बघणार ते तुमच्याकडे. फरक पडला तर ठेवू, नाही पडला तर काढू, त्रास झाला तर लगेच फोन करायचा. यापेक्षा छान काहीतरी खोटं सांगू का?"

आजवर मला भेटलेल्या सगळ्यांत, आपल्याला किती माहीत नाही हे सांगणारी ती एकटी बाई होती.

बाकीच्यांना सगळं माहीत होतं. मनीषाचा धाकटा भाऊ सुहास कल्याणला राहतो आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. "दाजी, डोपामिन ना? सोपं आहे. डिटॉक्स करायचा. फोन बंद, गोड बंद, पहाटे थंड पाण्याने आंघोळ. मी केलेलं, एकदम फ्रेश."

"तुला काय झालेलं?"

"काही नाही, असंच."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. इथपर्यंत मी हसून घेतलं. पण दुसऱ्या गोळीने माझ्या पायांत एक विचित्र वळवळ सुरू झाली. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की चालावंसं वाटे, चालून समाधान नाही. सुहासने ते पाहिलं आणि गोळीचं नाव फोनमध्ये टाकलं. मग बहिणीला बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, ही स्किझोफ्रेनियाची गोळी आहे. दाजींना वेड्यांचं औषध चालू केलंय. त्यानेच हे असं करतायत."

मनीषा घाबरली. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. पायांना इतका कंटाळलो होतो की निमित्तच हवं होतं. आम्ही ती गोळी परस्पर बंद केली. पाय शांत झाले, आणि थोड्याच दिवसांत मी पुन्हा गॅसपाशी उभा.

डॉक्टर बाईंनी आमची चांगली हजेरी घेतली. "तापाची गोळी डोकेदुखीलाही देतात. म्हणून डोकं दुखणाऱ्याला ताप आहे असं कुणी म्हणतं का? एकच औषध वेगवेगळ्या आजारांना चालतं. आणि पायांचं मला सांगितलं असतंत तर डोस कमी केला असता. फोन करा म्हटलं होतं ना?" डोस कमी केला, वळवळ बरीचशी गेली, गोळी राहिली. पुढे हळूहळू असा एक दिवस आला की मी घरातून निघालो आणि नाक्यावर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, आज गॅसचा विचारच आला नाही. कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल असं वाटलं.

वाचणाऱ्यांनो, एवढं करा. गोळीचा त्रास झाला तर ज्याने ती दिली त्याला विचारा. मेव्हण्याला विचारू नका.

स्टोअर

आणि आता, बरा होत आलो असताना, कंपनीची वार्षिक तपासणी आली. कंपनीच्या डॉक्टरने सवयीने विचारलं, काही औषधं चालू आहेत का. मी खरं सांगितलं. प्राजक्तांनी मला शिकवलं होतं की यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांना आमची कंपनी माहीत नव्हती.

आठवडा संपायच्या आत मला प्लँटवरून काढून स्टोअरला बसवलं. हातमोजे आणि सेफ्टी शूज वाटायचे. "मिलिंद, रिस्क नको," पाटणकर साहेब म्हणाले. "तू समजूतदार आहेस." ज्या माणसाला डोक्यात आग दिसत असताना रिअॅक्टर सांभाळायला दिला, त्याची आग विझत आल्यावर तो धोकादायक झाला. मी तळपायापासून पेटलो होतो आणि लोकांना मापाचे बूट काढून देत होतो.

खिडकीतून हातमोजे घेताना लोक बोलायचे. "काय मिलिंद, ठाण्याचा पास काढलास का रे?" भोईर बोलला नाही, पण हसला. ते जास्त लागलं. त्या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही. डोळे मिटून पंपाच्या आवाजावरून कुठला पंप ते सांगतो मी. स्टोअरच्या त्या खुर्चीवर वाटायचं, बरं होऊन काय मिळवलं?

त्याच सुमारास एका संध्याकाळी लिमये काका घरी आले. चहा घेऊन झाला तरी उठेनात. मग म्हणाले, "मिलिंद, त्या दिवशी मी रूट कॅनल म्हटलेलं."

"हो काका."

"माझी कवळी आहे रे. वरची, खालची, दोन्ही. तोंडात स्वतःचा एक दात नाही." मनीषाला हसू आवरेना. काकाही हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. काकू गेल्यापासून त्यांना सकाळी उठावंसंच वाटेना, त्याचं औषध चालू होतं. मुलाला पुण्यात हे अजून सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही दोघं ठाण्याला एकत्र जातो आणि वाटेत मोठ्याने आपापल्या गोळ्यांविषयी बोलतो. बाजूची माणसं वळून बघतात, बघू देत.

साहेबांची केबिन

डॉक्टर बाईंनी चिठ्ठी दिली की हा माणूस पूर्वीचं काम करायला योग्य आहे. ती घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही आहे का बघितलं.

"ठीक आहे. पण मला सांग, तू आता पूर्वीसारखं चेक करतोस का?"

"नाही साहेब. एकदा करतो, नीट करतो."

"बघ, हेच तर." ते खुर्चीत मागे रेलले. "तू होतास तेव्हा मी रात्री निर्धास्त झोपायचो. तू गेलास आणि मागच्या महिन्यात वाफेचा व्हॉल्व्ह अर्धवट राहिलेला सापडला. नशीब वेळेत कळलं. असं कर ना, त्या गोळ्याबिळ्या सोड. पहिल्यासारखा हो. उद्यापासून प्लँट तुझा."

ते अर्धं हसत म्हणाले, पण अर्धंच. आणि मी लगेच नकार दिला नाही. उद्यापासून प्लँट तुझा, हे शब्द घेऊन घरी आलो. मनीषाला सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

ती कणीक मळत होती. "मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तुला उत्तरं द्यायचं मी बंद केलंय." आणि मळून झालेली कणीक पुन्हा मळायला लागली. मला हवा असलेला प्लँट मी गोळ्या सोडून घेतला असता, तर या बाईला पुन्हा आयुष्यभर उठून गॅस बघायला लागणार होतं. तिच्यानंतर सईला.

सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये न बसता बोललो. "साहेब, तुमचा प्लँट इतकी वर्षं माझ्या आजारावर चालत होता. माणसं पंख्याखाली चहा पीत होती आणि मी येरझाऱ्या घालत होतो, त्याला तुम्ही सेफ्टी म्हणून शाल दिलीत. शिफ्ट बदलताना दोघांनी फिरायचं, हा नियम तुमच्याच भिंतीवर आहे. तो पाळला असता तर मागच्या महिन्यातला व्हॉल्व्ह अर्धवट राहिला नसता. गोळ्या मी सोडणार नाही. चिठ्ठी तुमच्याकडे आहे. मला पुन्हा आजारी पडायला सांगितलंत, हे मात्र मी वरच्या साहेबांपुढेही असंच्या असं सांगेन."

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग चेहरा कडक करून म्हणाले, "ये सोमवारपासून. पण एक अट आहे. तू बंद केलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला दुसऱ्याचा हात लागला पाहिजे. तू एकट्याने केलेलं मी धरणार नाही."

माझा पाणउतारा करायला घातलेली अट होती ती. आणि शब्दाशब्दाने तो भिंतीवरचाच नियम होता. मी हसू दाबून 'हो साहेब' म्हटलं.

सोमवार

शिफ्ट संपताना मी वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. चाक घट्ट बसलं. डोक्याने चित्र दाखवायला सुरुवात केली, नेहमीचंच. अजून दाखवतं, बहुधा दाखवत राहील. मी चाकावरचा हात काढला आणि येणाऱ्या शिफ्टची वाट बघत उभा राहिलो.

भोईर आला. चहाचा ग्लास घेतला आणि सरळ पंख्याखाली गेला.

"चल," मी म्हटलं.

"तू बघितलंस ना? मग मी कशाला?"

"तुझा हात लागल्याशिवाय माझं काम धरत नाहीत. साहेबांची ऑर्डर आहे. चल, मला घरी जायचंय."

त्याने ग्लास ठेवला आणि कुरकुरत निघाला. मी पुढे, तो मागे, अशी सगळी लाइन फिरलो. पहिल्या दोन व्हॉल्व्हना त्याने नुसतं टेकल्यासारखं केलं. मी तिथेच थांबून राहिलो, तेव्हा तिसऱ्यापासून नीट धरायला लागला. वाफेच्या व्हॉल्व्हपाशी त्याने दोन्ही हातांनी चाक पकडून जोर लावून पाहिला. किती वर्षांनी ते केलं असेल कुणास ठाऊक. त्याच्या तळव्यांना काळं लागलं, ते तो पँटला पुसायला लागला.

"बंद हाय," तो म्हणाला.

मी काही विचारलं नव्हतं. मी पुन्हा हात लावून बघितला नाही. बूट बदलले आणि घरी गेलो.